खेळ, प्रवास आणि आपलीं पोरें

(गांवच्या शाळेंतील पालक-सभेंत केलेलें भाषण)



सुगीचे दिवस आहेत. हातांतलें काम टाकून आपण येथें आलांत, तेव्हां आम्ही फार लांबण लावणार नाहीं. आपल्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यांत पहिला आला. आतां त्याला जिल्ह्याच्या गांवीं सामन्याला जायचें आहे. बारा मुलींपैकीं पांचजणींच्या घरून "पाठवीत नाहीं" असा निरोप आला. मैदानांत नऊजणी लागतात. सातजणींचा संघ होत नाहीं. म्हणजे पांच घरांनीं नाहीं म्हटलें कीं साऱ्या गांवाचें जाणें बंद! म्हणून हा सवाल गांवापुढें मांडायला आम्ही उभे आहों.

आपल्या गांवाला खेळाचें वावडें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. क्रिकेटचा सामना असला कीं पारावर एकेका मोबाईलभोंवतीं दहा-दहा डोकीं जमतात. 2 नोव्हेंबर 2025 रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्रीं आपल्या वेशींतही फटाके वाजले. फटाके लावणाऱ्यांत आज नाहीं म्हणणारे बापही होते. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. दुसऱ्याची लेक मैदानांत उतरली तर फटाके, आणि आपली उतरायची म्हटली तर दाराला कडी, हा कोणता न्याय?

त्याच मोबाईलवर दुसराही एक खेळ घरांत शिरला. पैसे लावायचे आणि नशिबाची वाट पाहायची. ऑगस्ट 2025 मध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा झाला म्हणून व्यसन आपोआप सुटत नाहीं. ज्या घरांत बियाण्याचा पैसा असा उडाला, तें घर गांवाला ठाऊक आहे. नांव घेण्याचें कारण नाहीं. अंग न हलवितां पैसा मिळेल अशी आशा लावणाऱ्या खेळाला आपण अडविलें नाहीं. अंग झिजवून, हरणें पचवून, दहाजणींच्या मेळानें चालायला शिकविणारा खेळ मात्र आपल्याला परवडत नाहीं!

आतां प्रवासाची गोष्ट. शाहू छत्रपति 1902 सालीं एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं विलायतेला गेले. त्या प्रवासांत त्यांनीं रोम शहरांतलें जुनें गोल प्रेक्षागार पाहिलें. पाहिलें तें मनांत धरून कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें. तें 1912 सालीं तयार झालें. मध्यें हौदा आणि भोंवतीं चढत गेलेली बैठक. त्यामुळें सर्वांत मागें बसलेल्या गरिबालाही कुस्ती सरळ दिसते. राजानें प्रवास केला आणि त्याचें फळ शेतकऱ्याच्या पोराला मिळालें. परगांव पाहिल्यानें माणसाच्या डोक्यांत काय शिरतें, हें यावरून समजावें.

पण राजाला भाड्याची चिंता नसते. ज्याच्या घरीं भाडें नाहीं त्यानें काय करावें? तर गोळेश्वरची हकीगत ऐका. कराडजवळच्या या गांवीं 15 जानेवारी 1926 रोजीं खाशाबा जाधव जन्मले. 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते सहावे आले. 1952 सालीं हेलसिंकीला जायचें, तर पैसा नाहीं. लोकांनीं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि 57 किलोच्या गटांत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतांतल्या एका माणसानें एकट्याच्या बळावर आणलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हां शंभरावर बैलगाड्या जुंपून लोकांनीं त्यांची मिरवणूक काढली.

पुढें काय झालें? एकट्या खेळाडूनें मिळविलेलें दुसरें पदक देशाला 1996 सालीं मिळालें, म्हणजे 44 वर्षांनीं. महाराष्ट्राला तर 72 वर्षें थांबावें लागलें. 1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिसला राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां कोठें खंड पडलेली वाट पुन्हां सुरू झाली. या 72 वर्षांत आपल्या मायांच्या पोटीं खाशाबासारखीं पोरें जन्मलींच नाहींत काय? जन्मलीं. कोणी गुरांमागें गेलें, कोणी ऊसतोडीला गेलें, कोणाचें भाड्यावांचून अडलें. जें घरांतून बाहेर पडलेंच नाहीं, त्याची बातमी कोठें छापून येणार?

कोणी म्हणेल, मास्तर, खेळानें पोट भरतें काय? हा सवाल खरा आहे आणि त्याला खरेंच उत्तर दिलें पाहिजे. पदकानें खाशाबांना गाडी-बंगला दिला नाहीं. 1955 सालीं ते पोलिसांत फौजदार म्हणून लागले. 1984 सालीं रस्त्यावरच्या अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर 17 वर्षांनीं, 2001 सालीं. तेव्हां खेळानें सोन्याचा धूर निघेल, असें खोटें आम्ही सांगणार नाहीं. सरकारी नोकरींत खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा आहेत. त्या सगळ्यांना मिळत नाहींत. पण आम्ही विचारतों, चार एकर कोरडवाहूनें तरी कोणाचें पोट निर्धास्त भरलें? मुलीच्या हातीं वही आहे, तिच्या जोडीला धावणारे पाय आहेत. दोन दोर असलेली बादली बरी कीं एका दोराची?

खेळांतून जातीचा विटाळ जातो काय, असेंही एकानें विचारलें. आपोआप जात नाहीं. चर्मकार समाजांत जन्मलेले पाळवणकर बाळू यांची गोलंदाजी अशी कीं, 1911 सालच्या विलायतच्या दौऱ्यांत त्यांनीं 114 गडी बाद केले. पण पुण्यांत त्याच बाळूंना चहा मात्र मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. हात चालतो, पण हातचें चालत नाहीं, असा तो हिशेब. तो हिशेब मोडायला वेळ लागला. तरी 1923 सालीं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हे हिंदू संघाचे कप्तान झाले. बाळू घरीं बसले असते तर विठ्ठल कप्तान झाले नसते. आपल्या संघांत बारा मुली पांच जातींच्या आहेत आणि एकाच डब्यांतून भाकरी खातात. ही गोष्ट आम्हांला तालुक्याच्या ढालीहून मोठी वाटते.

राहिला शेवटचा बोल: "पोरीची जात, परगांवीं रात्र काढायची, लोक काय म्हणतील?" बापाच्या जिवाला घोर लागतो, तो खोटा नाहीं. त्याला हसणारा माणूस शहाणा नव्हे. पण एक विचारूं? हीच पोर कारखान्याच्या उसाला आपण महिनोन्‌महिने नेतां. पालांत राहते, पहाटे उठून मोळ्या बांधते, अंधारांत पाणी आणते. तेव्हां 'पोरीची जात' आडवी येत नाहीं. कष्टाला नेतां येतें आणि खेळाला नेतां येत नाहीं, याचें कारण आम्हांला कोणी समजावून द्यावें. जानेवारी 2025 मध्यें दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तेथें नेपाळला हरवून जिंकणाऱ्या मुलींची कप्तान प्रियंका इंगळे ही आपल्याच महाराष्ट्राची. तिलाही कोणत्या तरी दिवशीं घराचा उंबरा ओलांडूं दिलाच असेल ना?

तरी काळजीची व्यवस्था पाहिजे. ती आम्हीं अशी ठरविली आहे. मुलींबरोबर शाळेच्या बाई जातील आणि पालकांतून दोन आयांनीं जावें. कोणी जावें हें आपणच निवडावें. मुक्काम मुलींच्या वसतिगृहांत आहे; ज्याला पाहून यायचें असेल त्यानें आधीं पाहून यावें. रोज सांजेला बाईंच्या फोनवरून प्रत्येक घरीं बोलणें होईल. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धें तिकीट आहे, त्यामुळें भाड्याचा बोजा हलका झाला आहे. उरलेल्या खर्चाला घरटी वीस रुपये काढावेत. ज्याला तेवढेही जड असतील त्यानें पायलीभर ज्वारी द्यावी; कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगांतलीं पोरें लोकांच्या मूठ-मूठ धान्यावरच शिकलीं. जमा-खर्च आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहूं. पैन्‌पैचा हिशेब कोणीही येऊन तपासावा.

ज्या पांच घरांत सोयाबीन काढायचें अडलें आहे, त्यांचें काय? बाकीच्या सात घरांनीं एक-एक माणूस दोन दिवस सावडीनें द्यावा. आपल्या बापजाद्यांनीं पेरणी-मळणी अशीच उरकली. औत सावडीनें चालतें, तसा संघही चालेल.

सामने सोमवारीं आहेत, रविवारीं सकाळीं सातची गाडी आहे. पांचही घरच्या मंडळींना आमची हात जोडून विनंति आहे कीं, आज रात्रीं घरांत बोलून घ्यावें, आणि बोलतांना त्या मुलीलाही जवळ बसवावें. तिला काय वाटतें हें आजवर कोणी विचारलेलें नाहीं. उद्यां शाळा भरण्यापूर्वीं निरोप मिळाला तर नांवें कळवितां येतील.

एवढें बोलून आम्ही खालीं बसतों. आतां मंडळींनीं बोलावें.