आजी सांगते ते लिहून घ्या

(चिंचोळी एमआयडीसीजवळच्या वस्तीवर झालेल्या अभ्यास बैठकीतलं भाषण. बोलताना टिपून घेतलं, बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय. – संपादक)



तुम्ही डोंगरातून आलाय आणि सकाळपासून विचारताय, इथं जंगल कुठाय? जंगल नाही. माळ आहे. ही समोर कारखान्यांची शेडं, पलीकडं पुण्याचा हायवे. आमच्या फासेपारध्यांचं जंगल म्हणजे हा माळच. हरण, ससा, तितर, लावा. फास लावून धरायचं म्हणून फासेपारधी. आता मी ह्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडं पॅकिंगला जाते.

मला विषय दिलाय संशोधन. मी बारावी शिकलेली बाई, संशोधन म्हणजे पांढरा कोट घालून करायचं काम असं वाटायचं. पण तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी माझ्या आजीला आणि वस्तीवरच्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारत गेले, लिहून घेत गेले. पाच वह्या झाल्या. इथले कार्यकर्ते म्हणाले हेच संशोधन, म्हणून उभी राहिले.

आपल्याबद्दल लिहिलेलं नाही असं नाही. भरपूर लिहिलंय, पण दुसऱ्यांनी. 1908 साली केनेडी नावाच्या पोलीस साहेबानं मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार’ जमातींवर जाडजूड पुस्तक काढलं. कोण कसं दिसतं, कसं बोलतं, चोरी कशी करतं. तेही संशोधनच म्हणायचं! 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा होताच, 1911 ला तो सगळ्या देशाला लावला. मग सोलापुरात काटेरी तारेची सेटलमेंट. पारधी, कैकाडी, टकारी, मांगगारुडी अशा जमातींची माणसं आत ठेवायची, हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास, कामाला सोलापूरच्या गिरण्या. शहरात त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. माझ्या आजीची आई त्या तारेच्या आत होती. 31 ऑगस्ट 1952 ला आपल्याला त्या कायद्यातून मोकळं केलं म्हणतात. कागद मोकळा झाला. गावात चोरी झाली की जीप आधी कुठं येते, ते मी सांगायला नको.

असं आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका. सामोआ म्हणून बेटं आहेत, पार पॅसिफिक महासागरात. अभ्यास वर्गात त्यांच्याबद्दल ऐकलं. 1925 मध्ये मार्गारेट मीड नावाची तरुण अमेरिकन बाई तिथं गेली, काही महिने राहिली, तिथल्या पोरींना विचारून 1928 ला पुस्तक काढलं. ते जगभर खपलं आणि सामोअन माणूस म्हणजे त्या पुस्तकातला, असं ठरून गेलं. 1983 ला डेरेक फ्रीमन म्हणून दुसरा अभ्यासक आला, म्हणाला तिचं चुकलंय. दोघांच्या बाजूनं लोक वर्षानुवर्षं भांडले. गंमत बघा, भांडणारे दोघेही बाहेरचे.

त्याच बेटांवरचा एक लेखक आहे, अल्बर्ट वेंड्ट, जन्म 1939. कादंबरीकार म्हणून नाव झालं, पण त्याआधी त्यानं आपल्या लोकांच्या लढ्याचा अभ्यास केला. त्या लढ्याचं नाव माऊ. न्यूझीलंडचं राज्य नको म्हणून सामोअन लोकांनी हत्यार न उचलता केलेला. 28 डिसेंबर 1929 ला पोलिसांनी मोर्चावर गोळ्या घातल्या, त्यात त्यांचा मोठा पुढारी तामासेसे मेला. 1962 ला देश मोकळा झाला आणि घटनेतच लिहिलं की कुळाची जमीन विकता येणार नाही. आजही तिथली बहुतेक जमीन कुळांचीच आहे. जमिनीचा तंटा कोर्टात गेला की घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ सांगावी लागते. ती ज्याला पाठ, त्याचं बोलणं वजनदार. हे ऐकलं आणि मला आजीच आठवली.

आजीला साल येत नाही. पण ती सांगते, “दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, तवा आपलं पाल त्या लिंबाखाली होतं.” म्हणजे बहात्तर. “भूकंपाच्या वक्ताला तुझ्या बापाची ज्वारी उभी होती.” म्हणजे किल्लारीचा, 1993. मी काय केलं, एका मोठ्या कागदावर ओळीनं लिहिलं – दुष्काळ, उजनीचं पाणी, इंदिराबाई गेल्या ते साल, भूकंप – आणि प्रत्येक गोष्ट कशाच्या आधी, कशाच्या नंतर, ते विचारलं. मग माळावर नेलं. लिंब कुठं, विहीर कुठं, पुरलेली माणसं कुठं. नकाशा काढला. आणखी एक कळलं. बहात्तर साली पाऊस गेला, त्याच साली शिकारबंदीचा कायदा आला. पोट एकदम दोन्हीकडून गेलं, म्हणून आजोबानं गायरानाला नांगर लावला. हे कुठल्याच सरकारी कागदात नाही. कागदात फक्त ‘अतिक्रमण’. 1979 ला माळढोकाचं अभयारण्य झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, आत गावंच्या गावं. पुढं ते बाराशेवर आणलं. माळढोक कुठं अंडं घालतो, हे आजीला विचारायला तेव्हा कोण आलं नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. वनहक्क कायद्याच्या नियमात तेरावा नियम आहे. त्यात पुरावा म्हणून दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन चालतं. वंशावळ चालते. देवराई, दफनभूमी, जुन्या घराच्या खुणा चालतात. एकापेक्षा जास्त पुरावे बघायला पाहिजेत, म्हणून नुसत्या निवेदनावर थांबू नका. आणि 2012 च्या दुरुस्तीनं वरच्या समित्यांना अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. आदिवासींसाठी तारीख 13 डिसेंबर 2005. इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं दाखवावी लागतात. मेंढा-लेखाच्या लोकांनी तर दाव्याच्या किती आधीपासून अभ्यासगट चालवले, मधाचा अभ्यास केला, जंगलाचा केला. दावा नंतर आला.

आम्हा गायरानवाल्यांचं अवघड आहे. आम्हाला तो नियम नाही. 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून कसतोय हे दाखवायला लागतं, आणि तिथं म्हातारीचं बोलणं कोण धरत नाही. पण तिच्या बोलण्यानं कुठल्या सालाचा कागद मागायचा ते कळतं. भूकंपाच्या आधी तलाठ्यानं दंड केला होता, असं ती म्हणाली. मग मी माहिती अधिकारात गाव नमुना एक-ई ची, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीची, नक्कल मागितली. चार चकरा झाल्या, पण मिळाली. आजोबाचं नाव होतं, साल 1986. दंडाची पावती लाज वाटून फाडू नका, ती आपली सनद आहे.

आता गोष्टींचं. आजी एकच गोष्ट तीनदा सांगते, तीन तऱ्हेनं. तिची आई सेटलमेंटच्या तारेखालून निघाली ही गोष्ट. एकदा रात्री निघते, एकदा पाऊस असतो, एकदा कडेवर पोर असतं. पोरं मला म्हणाली, म्हातारी थापा मारते. मी तिन्ही लिहिल्या. कारण तीन तऱ्हेनं आठवतं त्याच्या खाली काहीतरी घडलेलं असतं, आणि तिला प्रत्येक वेळी वेगळी भीती सांगायची असते. पण त्या पणजीचं नाव कुणाला ठाऊक नाही. मग मी तिला नाव दिलं, तिची गोष्ट मी रचली. हजेरीच्या रांगेत ती मनात काय बोलत असेल ते लिहिलं. आमच्या पारधी बोलीत लिहिलं, ती गुजरातीसारखी वाटते, देवनागरीत बसवायला त्रास झाला. वस्तीवर वाचली तेव्हा बायका रडल्या आणि मग भांडल्या, “असं नव्हतं, तसं होतं,” म्हणून. त्या भांडणात आणखी चार गोष्टी निघाल्या.

फक्त एक पथ्य पाळा. ऐकलेलं वहीच्या उजव्या पानावर, रचलेलं डाव्या. सांगणाऱ्याचं नाव, तारीख, अंगठा उजव्या पानाला. डावं पान चुकून दाव्याला लागलं तर समोरचा तेवढंच दाखवून सगळंच खोटं म्हणेल, आणि जमीन जाईल.

माझं काय झालं विचाराल तर कंपनीत मी नुसतं पवार सांगायची, पुढं कोण विचारायचं नाही, सगळ्या तेच करतात. आता पारधी म्हणते. सुपरवायझर एकदा दचकला. दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, तितराचा आवाज खरंच काढता येतो का. मी काढून दाखवला. तहसीलला गेले की आता ‘साहेब, एवढं बघा’ म्हणत नाही, कुठला नमुना, कुठलं साल, ते सांगते.

वह्या त्या पेटीवर ठेवल्यात, हात धुऊन बघा. आजी आत बसलीय. विचारायचं असेल तर आत्ता विचारा, जेवण झालं की ती झोपते.