शाळेचा पैसा आणि आपली सही
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

ताई, मावश्यांनो, आज कर्जाचा विषय नाही. आज शाळेच्या पैशाबद्दल बोलू.

शाळा व्यवस्थापन समितीत किती जणी आहात? हात वर करा. आता ज्यांनी प्रोसिडिंग वाचून मगच सही केली, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली गेले! हसू नका. गटाच्या रजिस्टरवर तुम्ही अशी सही करू द्याल का? दहा रुपयांचा फरक आला तरी सचिवाला उठू देत नाही आपण.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की समितीत पाऊण भाग पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. समितीचं काम काय? शाळेला आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं. म्हणजे हिशोब विचारणं हा आगाऊपणा नाही, ते तुमचं कामच आहे.

आता पैसा किती? समग्र शिक्षा योजनेत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के घालतं. त्यातलं वर्षाचं शाळा अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, त्याच्या वर शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. आपल्या वस्तीशाळा बहुतेक पहिल्या ओळीतल्या. दहा हजार म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, सगळं. मला तर हा हिशोबच पटत नाही. पोरं अठरा असोत की ऐंशी, पत्रा तेवढाच गळतो ना! म्हणून गुरुजींना चोर समजून जाऊ नका. कित्येकदा ते खिशातून घालतात.

पण एक गोष्ट हक्काने विचारा. या अनुदानातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. दहा हजारात तो हजार रुपये होतो. साबण, बादली, संडास साफ करायचं सामान. मुलींच्या संडासाला कुलूप असेल आणि रजिस्टरला खर्च दिसत असेल, तर तिथे बोट ठेवायचं.

आणि पट कमी म्हणून कायम दहा हजारांतच भागवायचं का? कलम २२ वाचा. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने अनुदानाचं नियोजन त्याच्या आधारावर करायचं, असं त्यात आहे. आपल्याकडे हा आराखडा बहुधा मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. समितीत बसून नवा लिहायला लावा: गळका वर्ग, पाण्याची टाकी, तुटलेलं दार, अंदाजे खर्चासकट. मोठं काम असेल तर तेच ग्रामसभेत मांडा, गावाच्या आराखड्यात घाला. ठराव लिहून होईपर्यंत उठायचं नाही. हे तुम्हाला मी काय शिकवणार!

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावातून तीन गोष्टी लिहून आणा: शाळेचा पट, यंदा जमा झालेली रक्कम, आणि मुलींच्या संडासाला पाणी आहे की नाही. मुख्याध्यापकांनी हिशोब दाखवायला नाही म्हटलं, तर तेही लिहा. समितीच्या लेखी अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, जाताना घेऊन जा.