अंतर

(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



आपल्या भाषेत ‘अंतर’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दोन गावांमधले, पावलांनी मोजावयाचे तेही अंतर. आणि मनाचा गाभा तेही अंतरच. या दोहोंचा संबंध काय, एवढेच आज सांगावयाचे आहे.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात माणसामाणसांतील अंतर फुटांत मोजून दाखविले. दीड फुटाच्या आत जिवलग, चार फुटांपर्यंत स्नेही, बारा फुटांपर्यंत व्यवहारातील माणसे, आणि त्यापलीकडे सभा. समाज बदलला की मापही बदलते, हेही त्यानेच सांगितले. आपल्या पंगतीत मांडीला मांडी लागली तरी कोणी रागावत नाही. पंढरीस तर भक्त विठ्ठलाच्या चरणांवरच मस्तक ठेवतो.

म्हणून अंतर सर्वथा त्याज्य, असे मात्र नव्हे. गुरूसमोर शिष्य दोन हात मागे बसतो, तो आदराने. २०२० च्या महामारीत पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका बसगाड्यांतून पंढरपुरास गेल्या आणि वारकरी घरीच राहिले. तो दुरावा परस्परांच्या जिवासाठी होता. त्याने मने दुरावली नाहीत.

परंतु आणखी एक अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो. देवाच्या दारी कोणी कोठवर यावे, हे आपण जन्मावरून ठरविले. पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तथापि कायदा दार उघडतो. सरकून शेजारी जागा देणे आपल्याच हाती असते.

मला कसोटी एकच दिसते. जे अंतर मनुष्य आपखुशीने राखतो आणि इच्छा होताच ओलांडू शकतो, ते आदराचे. जे दुसऱ्याने आखून दिले आणि ज्याला ओलांडण्याची मुभाच नाही, ते अवहेलनेचे. मग त्यास सोवळे म्हणा की परंपरा.

अनेक मठांतून पंगती वेगळ्या बसत, हे आपण जाणताच. आज दुपारी येथे महाप्रसाद आहे. शेजारचे पान कोणाचे, हे न विचारता आपण बसावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.