वाऱ्यापावसात घर राखावयाचे तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण चिटणीसबाईंनी घराच्या शाकारणीवर बोल म्हणून गळ घातली, आणि या विषयात मी कोणाला हार जाणार नाही.

आपल्या शहापूर-मुरबाडकडची रीत अशी, की रोहिणी लागल्या म्हणजे कौले उतरवावयाची, वासे-रिपा पाहावयाच्या आणि मृगाच्या आत घर झाकून मोकळे व्हावयाचे. मुंबईला पाऊस ११ जूनच्या सुमारास लागतो, असा हवामान खात्याचाही हिशेब आहे. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला. रोहिणी लागून पुरते दोन दिवसही झाले नव्हते! शिवाय अवकाळीचा काही नेम राहिला नाही. म्हणून माझे सांगणे असे, की शाकारणी अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे उरकावी. ऊन लागते हे खरे. पण घरातली माणसे ‘रविवारी बघू’ म्हणतात, आणि आसनगावहून रोज लोकल गाठणाऱ्याचा रविवार कधी उजाडतो ते आपल्यालाच ठाऊक! दुसरे असे, की दिवसभरात झाकून होईल तेवढाच भाग सकाळी उघडावा. सगळे पाखे एकदम उघडे टाकू नये.

माकडांनी कौले फोडली म्हणून पुष्कळजणींनी पत्रे घातले. मी त्यांना नावे ठेवीत नाही. दरसाल नवी कौले आणावयाची कोठून, आणि बसवावयास जाणता माणूस तरी कोठे मिळतो? पण कौलांतली चार सरकली तर चार ठिकाणी गळते, पत्रा सुटला तर अख्खा जातो, आणि जाताना कोणाला कापील त्याचा भरवसा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा तिकडे किती घरांची छपरे उडाली ते आपण सर्वांनी ऐकले आहे. छप्पर उडते कसे? वारा छपरावरून जोराने गेला की ते वर ओढले जाते. त्यात वाऱ्याच्या अंगाचे दार उघडे असले, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उचलते, तसेच. म्हणून वादळात त्या बाजूची दारेखिडक्या आधी लावून घ्याव्या. पत्र्यावर धोंडे ठेवून भागत नाही. धोंडा पत्र्याला धरीत नाही, आणि घरंगळला तर खालच्याचे डोके फोडतो. पत्र्याला हुक-बोल्टच हवेत, आणि कडेला व कोपऱ्यांना ते जवळजवळ हवेत, कारण वारा पहिल्याने कडच उचलतो. वासेही भिंतीला लोखंडी पट्टीने जखडून घ्यावे. नाही तर पत्र्याबरोबर तेही जातात.

कारवीच्या कुडाची घरे अजून आपल्या वाड्यांतून आहेत. कूड खालून जातो. पागोळ्यांचे पाणी उडून पाया भिजतो आणि माती सुटते. त्याला वळचण लांब ठेवणे आणि घराभोवती चर खणणे हाच उपाय. शेवग्याचे झाड भिंतीला लागून असेल तर फांद्या मेपूर्वीच उतरवा. शेवगा मोडावयास वारा फार लागत नाही. विजेसाठी मुलांच्या फोनवर ‘दामिनी’ घालून घ्या. ते पुण्याच्या संस्थेने काढलेले आहे.

आता कागदांचे. आमच्या वाडीत एका बाईचे छप्पर गेले. पंचनामा झाला, पण घरपट्टी होती वारलेल्या सासऱ्यांच्या नावे. वारसाचे कागद जमवण्यात तिचा सारा पावसाळा गेला, आणि तोवर पोरे घेऊन ती दिराच्या पडवीत राहिली. तेव्हा पुढल्या बैठकीला प्रत्येकीने घरपट्टीची पावती घेऊन यावी. नावे कोणाची आहेत ते पाहू, आणि बदलावयाची असतील तर उन्हाळ्यातच अर्ज करू. पडझड झाली तर आवरण्याआधी फोटो काढून ठेवावा.

शेवटी एक सूचना मांडते. यंदा हळदीकुंकवाच्या वाणाला प्लास्टिकचे डबे नकोत. त्या पैशात मंडळासाठी दोन मोठ्या ताडपत्र्या आणि दोराची गुंडाळी घ्यावी. रात्री ज्या घराचे छप्पर उघडे पडेल, तिने येऊन न्यावी. काहीजणींना हे पटणार नाही, वाण ते वाण असे त्या म्हणतील. त्यांनी जरूर बोलावे. पण ताडपत्र्या ठेवावयाच्या कोणाच्या घरी, तेवढे आजच ठरवून उठू.