संगणकावरील दालन उघडत नाही तेव्हा
(खात्यातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



विंडोज प्रणालीच्या संगणकावर ‘मायक्रोसॉफ्ट स्टोअर’ नावाचे जे दालन असते, ते आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. २०१२ साली विंडोज ८ या आवृत्तीबरोबर ते प्रथम आले. तेव्हा त्याचे नाव ‘विंडोज स्टोअर’ असे होते. २०१७ साली ते बदलले. गोव्यात ज्याला आपण पोसरो म्हणतो त्यातलाच हा प्रकार. येथील माल मात्र संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलींचा. मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, विंडोजच्या पडद्यावरील सूचना मराठीतून दिसाव्यात यासाठी लागणारा भाषासंच याच दालनातून घ्यावा लागतो. कोंकणीचाही तेथूनच मिळतो. सबब हे दालन बंद राहिले तर केवळ करमणूक अडते, असे समजण्याचे कारण नाही.

दालन उघडत नाही म्हटले की सामान्यतः दोन गोष्टी घडतात, आणि दोन्ही घातक आहेत. कोणी हवी ती आज्ञावली इंटरनेटवरील कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेतो व तिच्याबरोबर नको ते पाहुणे घरात घेतो. दुसरा कोणी यंत्र दुरुस्तीवाल्याच्या स्वाधीन करतो आणि तो ते सरसकट ‘फॉरमॅट’ करून देतो. एका कार्यालयात असे झाले तेव्हा कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवलेली होती. परंतु ती ज्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली होती, ते फॉन्ट पुसले गेले. पत्रे उघडत, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. दालनाचे दार उघडण्यासाठी संपूर्ण घर पाडण्यातला हा प्रकार झाला. बहुतेक वेळा त्याची काहीएक आवश्यकता नसते.

प्रथम हे पाहावे की दालन बिघडले आहे, की मुद्दामच बंद ठेवले आहे. पुष्कळ कार्यालयांत संगणक व्यवस्थापक ते धोरण म्हणून बंद करतात. तसे असल्यास पडद्यावर तशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसते. तेथे उपाय शोधू नये, व्यवस्थापकांस विचारावे.

दालन धोरणाने बंद नसेल, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. घड्याळाचा नि दालनाचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. रहिवासी दाखल्यावर जशी मुदत लिहिलेली असते, तशी दूरच्या संगणकाच्या ओळखपत्रावरही ‘अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. आपले यंत्र संपर्क साधताना ते ओळखपत्र तपासते आणि त्यासाठी स्वतःच्या घड्याळातील तारीख प्रमाण मानते. घड्याळ चार-पाच वर्षे मागे असेल, तर ओळखपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असे यंत्रास वाटते व ते व्यवहार नाकारते. दालन रिकामे राहते, किंवा उघडता उघडता मिटते.

तारीख चुकते कशामुळे? मेजावरील संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सपाट सेल असतो; बहुधा ‘सीआर २०३२’ या जातीचा, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. हा सेल काही वर्षांनी निकामी होतो. मग पावसाळ्यात रात्री वीज गेली की सकाळी यंत्र भलतीच तारीख दाखवते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे जाऊन प्रथम कालविभाग भारताचा, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढचा, आहे याची खात्री करावी आणि मग ‘सिंक नाऊ’ हे बटन दाबावे. तारीख दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली, तर तो स्वस्त सेल बदलून घ्यावा. हजारो रुपयांच्या यंत्राचा दोष पुष्कळदा एवढ्यावर मिटतो.

घड्याळ बरोबर असून इंटरनेटही चालू असेल, तर दालनाने स्वतःजवळ साठवलेली तात्पुरती माहिती बिघडल्याचा संशय घ्यावा. कळफलकावरील विंडोजची कळ दाबून धरून ‘आर’ दाबली असता एक लहान चौकट येते. तीत डब्ल्यू, एस, आर, ई, एस, ई, टी ही सात इंग्रजी अक्षरे मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करावे. एक काळी, रिकामी खिडकी उघडते. तिच्यात काहीच घडत नाहीसे दिसते, म्हणून पुष्कळजण ती घाईने बंद करतात. तसे करू नये. काम झाले की ती आपोआप मिटते व दालन उघडते. या उपायाने आधी बसवलेल्या आज्ञावली पुसल्या जात नाहीत.

एवढ्यानेही न साधल्यास ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादीत मायक्रोसॉफ्ट स्टोअर शोधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडावे. तेथे ‘रिपेअर’ व ‘रीसेट’ अशी दोन बटने आहेत. क्रम महत्त्वाचा: प्रथम रिपेअर, कारण त्यात साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही, नंतर गरज पडली तरच रीसेट. त्यानंतर आपल्या खात्याचा परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागू शकतो, तो आधी आठवून ठेवावा. (येथे ‘खाते’ म्हणजे मायक्रोसॉफ्टचे, आपले नव्हे!)

दालन उघडते पण माल उतरत नाही, ही तक्रार वेगळी आहे. इंटरनेटचा खर्च वाचावा म्हणून कोणी ‘विंडोज अपडेट’ ही सेवा कायमची बंद करून ठेवलेली असते. दालनालाही तिची गरज लागते. ती चालू करावी. मात्र ‘पॉवरशेल’च्या लांबलचक आज्ञा, कोणी पाठवल्या म्हणून, न समजता उतरवू नयेत. ते काम जाणकारावर सोपवावे.

जाणकारास बोलावताना विंडोजची आवृत्ती, पडद्यावर आलेला त्रुटिक्रमांक व आपण केलेले उपाय क्रमाने कागदावर लिहून द्यावेत. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने आवृत्तीची नोंद अवश्य हवी. आणि त्याने फॉरमॅटची भाषा काढली, तर फाइलींबरोबर फॉन्टांचीही प्रत घेतल्यावाचून यंत्रास हात लावू देऊ नये.

आता ज्यांनी यंत्रे बरोबर आणली आहेत, त्यांनी ती सुरू करून प्रथम उजव्या कोपऱ्यातील तारीख वाचावी.