बांधावरची माशी आणि जमिनीचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या प्रश्नावर आपल्या चळवळीने पुष्कळ विचार केला आहे आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला आहे. कसेल त्याची जमीन, कमाल धारणेचा कायदा, गायरानावर भूमिहीनांचा हक्क, हे सारे मालकीचे प्रश्न होते आणि ते अद्याप सुटलेले नाहीत. परंतु जमीन कोणाची, या प्रश्नाच्या पोटात तिचा वापर कसा होतो, हाही प्रश्न असतो. आज मी त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे, आणि तेही एका क्षुद्र वाटणाऱ्या जीवाच्या संदर्भात. हा जीव म्हणजे रानातली माशी.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मधमाशीला जुने स्थान आहे. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली एक उदाहरण मांडले. सफरचंदाच्या बागेमुळे शेजारच्या मधपाळाला मध मिळतो आणि त्याच्या माश्यांमुळे बागेला फळ धरते. पण एकमेकांना झालेल्या या लाभाची किंमत कोणीच कोणाला देत नाही. म्हणून बाजारयंत्रणा येथे अपुरी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९७३ साली स्टीव्हन च्युंग याने अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात जाऊन प्रत्यक्ष चौकशी केली. त्याला आढळले की बागायतदार आणि मधपाळ रीतसर करार करतात, पेट्यांचे भाडे ठरते, पैसे दिले जातात. शिवाय सफरचंदाच्या फुलोऱ्यातून मध फारसा मिळतच नाही! बाजारवादी मंडळींना या लेखाचा केवढा आनंद झाला, ते सांगायला नको. पुढे कित्येक वर्षे वर्गावर्गांतून मीडची थट्टा होत राहिली.

पण च्युंगने तपासले ते पेटीतल्या माशीचे अर्थकारण. पेटीला मालक असतो. म्हणून भाडे ठरते, करार होतो. ज्या माशीला मालकच नाही, तिचा करार कोण कोणाशी करणार? आणि आपल्या शेतीत परागीभवनाचे बरेचसे काम अशा बेवारशी जीवांनीच केलेले आहे. कड्यावर आणि उंच झाडावर पोळे लावणारी आग्या माशी, ढोलीत आणि वारुळात राहणारी सातेरी, झुडपात एकच पोळे बांधणारी फुलोरी, नांगी नसलेली इवलीशी पोया, वाळल्या लाकडाला भोक पाडून राहणारा काळा भुंगा, आणि ज्यांना आपण नावेही दिली नाहीत अशा एकेकट्या राहणाऱ्या शेकडो जातींच्या माश्या. वांग्याचे फूल घ्या. त्याचे पराग परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. फुलाला धरून अंग थरथरविणारी माशीच ते नीट झाडू शकते. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला येते.

आता ही रानमाशी राहते कोठे? जगातल्या माश्यांच्या जातींपैकी सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत बिळे करून राहतात. त्यांना न नांगरलेली, पाणी न साचणारी, काहीशी उघडी जमीन लागते. म्हणजे शेताचा बांध, पाऊलवाट, ओढ्याचा काठ, माळ, पडीक. महसुली दप्तरात ज्या जमिनीपुढे पोटखराबा असे लिहिले जाते, नेमकी ती जमीन. शिवाय यांतल्या लहान माश्या घरापासून काही शे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. तेव्हा तेवढ्या टापूत घर हवे आणि वर्षातले बरेच महिने काही ना काही फुललेले हवे. एक पीक पंधरा दिवस फुलते. उरलेले दिवस माशीने काय खावे?

जुन्या मिश्र शेतीत या प्रश्नाला उत्तर होते. ज्वारी-बाजरीत तुरीची ओळ, कडेला तीळ, कारळे, अंबाडी, बांधावर बाभूळ, करंज आणि बोर. ते उत्तर कोणी विचारपूर्वक शोधले होते असा माझा दावा नाही. गरिबीच्या आणि जोखमीच्या हिशेबातून ते आपोआप निघाले होते. त्याच्या जागी उसाचे सलग पट्टे आले, तेव्हा काय झाले? ऊस कांडी लावून होतो. त्याला माशीची गरज नाही आणि माशीला त्याचा उपयोग नाही. तुरा येऊ नये अशीच ऊसकऱ्याची इच्छा असते. माश्या नाहीशा झाल्या तर ऊसकऱ्याचा एक रुपयाही बुडत नाही. बुडतो तो पलीकडच्या बिनपाण्याच्या वाडीतल्या कारल्या-दोडक्याच्या शेतकऱ्याचा आणि कांद्याचे बियाणे पिकविणाऱ्याचा. कांद्याच्या गोंड्यात एकाच फुलाचे पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. तेथे किडा फिरकला नाही तर बी धरत नाही. एकाच्या जमीनवापराचा तोटा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. मीडचा मूळ मुद्दा येथे जसाच्या तसा उभा आहे.

बांध कोरणे ही आपल्याकडची जुनी खोड. भाऊबंदकीच्या निम्म्या फिर्यादी त्यातूनच निघतात. पूर्वी नांगराने वीतभर कोरला जाई. आता यंत्र अर्ध्या तासात बांध सपाट करते. उरलेल्या बांधावर तणनाशक मारतात. तणनाशकाने दोघींचा रोजगार गेला, हे मी मुद्दाम सांगतो. माशीचा गेला आणि खुरपणीला जाणाऱ्या बाईचाही गेला. ज्या घोळ, तांदुळजा, कुर्डूची भाजी ती ओच्यात घालून घरी नेत असे, तीही गेली. कीटकनाशकाची कथा वेगळी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर मेले. त्याच रानातल्या किड्यांचे काय झाले, हे मोजण्याचे कोणाला कारण नव्हते. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड कृषी सेवा केंद्राच्या फळीवर सहज मिळते.

हे सारे भावनेचे बोलणे आहे, असे कोणी म्हणेल. कोस्टा रिकातील एका कॉफीच्या मळ्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जंगलाच्या तुकड्यांपासून एक किलोमीटरच्या आतील झाडांना सुमारे वीस टक्के अधिक कॉफी येत होती. दोन तुकड्यांची त्या एका मळ्यापुरती किंमत वर्षाला सुमारे साठ हजार डॉलर भरली. २०१३ साली जगभरच्या ४१ पीकपद्धतींचा आढावा निघाला. त्यात पाळीव मधमाश्या कितीही असल्या तरी रानकीटकांमुळे फळधारणा वाढते, असे दिसले. माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत मोलाचा अभ्यास २०१६ सालचा आहे. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील ३४४ शेते त्यात होती. दोन हेक्टरांहून लहान शेतांत उत्तम आणि कमी उत्पन्न यांतली जी दरी असते, तिच्यापैकी सुमारे चोवीस टक्के केवळ फुलांवर येणाऱ्या कीटकांची संख्या वाढवून भरून काढता येईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. दोन हेक्टरांखालचा शेतकरी म्हणजे आपलाच माणूस. खताला आणि औषधाला त्याला कर्ज काढावे लागते. माशीला लागत नाही.

सरकारला माशी आठवते ती मधासाठी. २०२० साली राष्ट्रीय मधुमक्षिकापालन व मध अभियान निघाले, पाचशे कोटींची तरतूद झाली. पेट्या वाटण्यास माझा विरोध नाही. महाबळेश्वरच्या डोंगरी खेड्यांत मधपाळांच्या सहकारी संघटनेने गरिबाला चार पैसे मिळवून दिले आहेत. पण परदेशी मेलिफेरा जातीच्या माश्यांची पेटी ठेवली की परागीभवनाचा प्रश्न मिटला, ही समजूत चुकीची आहे. डाळिंबवाले आणि कांदा-बियाणेवाले आज पेट्या भाड्याने आणतात. म्हणजे पूर्वी जे फुकट होते त्याचे आता बिल येऊ लागले आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही वाढ म्हणून धरली जाईल, हा आमच्या शास्त्राचा एक विनोद आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातील हानयुआनमध्ये माणसे झाडावर चढून पिसांच्या कुंच्याने नासपतीच्या फुलांना पराग लावतात. फवारणीच्या धास्तीने मधपाळही तेथे पेट्या ठेवायला तयार होत नव्हते. मजुरी स्वस्त असेतो हे चालते.

राहिला गायरानाचा प्रश्न, आणि तो आपल्याला अडचणीचा आहे. सामाईक जमिनींचा नरपतसिंह जोधा यांनी सात राज्यांतील ऐंशीहून अधिक गावांत अभ्यास करून १९८६ साली तो मांडला. या जमिनी झपाट्याने घटल्या. गरिबांच्या नावाने वाटल्या गेलेल्या जमिनीचा मोठा वाटाही सधनांकडे गेला. दादासाहेब गायकवाडांनी ज्या मागणीसाठी सत्याग्रह केले, ती मी मागे घ्या म्हणत नाही. भूमिहीनाचा हक्क पहिला. पण आज गायराने भूमिहीनाला मिळत नाहीत. ती सौरप्रकल्पांना, औद्योगिक वसाहतींना आणि रस्त्यांच्या मुरमाला जातात. सौरऊर्जा हवीच. मात्र गायरानाच्या कागदावर ‘पडीक’ हा शब्द पाहून जो अधिकारी ते देऊन टाकतो, त्याला तेथे गावची शेरडे चरतात हेही ठाऊक नसते. माश्यांचे तर सोडाच.

एकट्या दोन एकरवाल्याला बांध रुंद ठेव, असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्याने सोडलेल्या दोन फुटांचा लाभ साऱ्या शिवाराला होणार आणि तोटा त्याचा एकट्याचा. म्हणून हे काम शिवाराने मिळून करायचे आणि त्याचा खर्च सरकारने द्यायचा. रोजगार हमीची कल्पना याच राज्याने १९७२च्या दुष्काळात देशाला दिली. बांध घालणे, बांधावर करंज, शेवगा, बोर लावणे आणि ती तीन वर्षे जगविणे ही रोजगार हमीची कामे का होऊ नयेत? गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा तेथे काय काय उगवते आणि कोण कोण चरते याची यादी आधी वाचून दाखवावी, असा आग्रह आपल्या कार्यकर्त्यांनी धरावा. ती यादी करायला गुराखी आणि खुरपणीच्या बाया लागतील, प्राध्यापक नव्हे. आणि कांदा फुलावर असताना सकाळची फवारणी टाळून ती सांजवेळी, माश्या परतल्यावर करावी, एवढे तर या रब्बीपासूनच सांगता येईल. त्याला कायदाही लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.