गावाचा हिशेब चारचौघांत



आपण सही करू लागलात, पाटी वाचू लागलात. फार चांगले झाले. या अक्षरांचा गावाला काय उपयोग, ते आज पाहू.

गाव एकजुटीने राहावे, असे सगळेच म्हणतात. पण गावात भांडण कशावरून होते? बांधावरून, वाटेवरून आणि पाण्यावरून. एकाच्या विहिरीवर मोटार चालते, दुसऱ्याच्या घरी हंडा रिकामा असतो. मग मने फाटतात. ती नुसत्या उपदेशाने सांधत नाहीत. उघड हिशेबाने सांधतात, असे आम्हांला वाटते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथे पाऊस बेताचा. एके काळी माणसे पोटासाठी गाव सोडून जात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले. उतारावर चर खणले, बांध घातले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पाणी जमिनीत मुरू लागले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी आले म्हणून ज्याने त्याने उपसले असते, तर विहिरी पुन्हा आटल्या असत्या. म्हणून गावाने पाऊस मोजायला घेतला, विहिरींची पातळी मोजायला घेतली. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि गुरांचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नको, ऊस नको, केळी नको, असे नियम गावानेच केले. नियम थोरामोठ्यांनाही तोच. म्हणून तो टिकला.

हे गणित काही अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ३० चौरस मीटरच्या छपरावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? १२,००० लिटर. चौथीतले पोर हे सांगेल. तुम्हीही सांगाल.

आता आपल्या गावाचे पाहू. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, असा कायदा आहे. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. घरचे पाणी बहुधा बायाच भरतात. मग पाण्याबद्दल त्यांनी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे? आयाबहिणींनो, मागे बसू नका.

आणखी एक. पाणी सर्वांचे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच हक्कासाठी. ज्या गावात एखाद्या वस्तीला पाणी शेवटी मिळते, ते गाव निरोगी नव्हे. दूरच्या वस्तीला सभेचा निरोप पोचला का, हे आधी विचारा.

सभेत ठरते ते इतिवृत्तात लिहितात. ते वाचून दाखवायला सांगा. जमेल तसे स्वतः वाचा. मगच सही करा. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय?

गाव करी ते राव न करी. पण गावाने करायचे, तर गावाला ठाऊक हवे.

या आठवड्याचा अभ्यास: पुढची ग्रामसभा कधी आहे, ते पंचायतीच्या फळ्यावर वाचून या. आणि शेजारच्या दोन घरांना सांगा.